द्रवस्फटिकावर ध्रुवित प्रकाशानं चित्र काढायचं असेल तर

प्रोजेक्टर मायक्रोस्कोपला जोडला आणि काचेवर निळी आकृती उमटली की आमच्या विभागातल्या नव्या पोट्ट्यांना अर्धा प्रोजेक्ट झाल्यासारखा वाटतो. आकृती पाडणं एका दुपारचं काम आहे. त्या आकृतीच्या प्रत्येक भागात पोलरायझेशनची दिशा, म्हणजे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र ज्या रेषेत हलतं ती, आपण म्हणू ती असणं, आणि तीही नमुन्यापाशी, याला वेळ लागतो. प्रोजेक्टरच्या तोंडाशी पोलरायझर (एकाच दिशेचं पोलरायझेशन जाऊ देणारा फिल्टर) लावून "मॅडम, लावला ना" म्हणणाऱ्यांसाठीच हे लिहितेय. पोलरायझरपासून नमुन्यापर्यंत वाटेत आरसा येतो, लेन्स येते, ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपचं नमुन्याकडचं भिंग) येतं, आणि प्रत्येक जण त्यात थोडा हात घालतो.

मी नागपुरात एका भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सांभाळते. द्रवस्फटिक, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण रेणूंची दिशा राखणारे पदार्थ, म्हटलं की इथल्या मुलांना ते परदेशातलं प्रकरण वाटतं, म्हणून एक सांगून ठेवते. चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक १९७७ मध्ये बंगळुरूला शोधणारे एस. चंद्रशेखर यांनी भौतिकशास्त्राची एमएस्सी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून केली होती. ताऱ्यांवर काम करणारे चंद्रशेखर वेगळे.

काय करायचं आहे

ब्रिलियंट यलो नावाचा एक अ‍ॅझो रंग आहे. त्याचा अगदी पातळ थर काचेवर दिला आणि त्यावर सरळ पोलरायझेशनचा निळा प्रकाश टाकला, की रंगाचे रेणू प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राला काटकोनात वळून बसतात. जे रेणू क्षेत्राला समांतर असतात ते प्रकाश शोषतात, आकार बदलतात, परत येतात आणि दर वेळी थोडे फिरतात. जे काटकोनात गेले ते फारसं शोषतच नाहीत, म्हणून तिथेच राहतात. अशा थराच्या दोन काचांमध्ये नेमॅटिक (लांबट रेणू साधारण एकाच दिशेला असलेला) द्रवस्फटिक भरला की तो थराच्या दिशेनं झोपतो. म्हणजे प्रकाशानं जी दिशा लिहिली तिच्याहून ९० अंश फिरलेली दिशा द्रवस्फटिकात मिळते. हे ९० अंश वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आकृती पाडायला मी डीएमडी वापरायला सांगते, म्हणजे डीएलपी प्रोजेक्टरमधली इवल्याशा आरशांची चिप. एलकॉस पॅनल (द्रवस्फटिकाच्याच पिक्सेलांचं) आणि पाव-तरंग पट्टी (पोलरायझेशनच्या एका घटकाला पाव तरंगानं मागे टाकणारी चकती) वापरून प्रत्येक पिक्सेलला वेगळी दिशा एकाच वेळी देता येते. पॅनल एका घटकाला जेवढं मागे टाकतं, त्या मंदनाच्या निम्म्यानं पोलरायझेशन फिरतं. पण ते पॅनल महाग, त्याचं कॅलिब्रेशन रंगागणिक वेगळं, आणि पिक्सेल थरथरतात ते निराळंच. डीएमडीला दिशा देता येत नाही, फक्त चालू-बंद जमतं. म्हणून एक दिशा लावायची, त्या दिशेचा भाग उजळायचा, मग दुसरी दिशा, दुसरा भाग. वेळ लागतो, पण काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. शिकताना मला हेच बरं वाटतं.

मांडणी

इन्फिनिटी ऑब्जेक्टिव्हचा (ज्यातून किरण समांतर बाहेर पडतात) सरळ मायक्रोस्कोप धरा. लिहिण्याचा निळा प्रकाश वरून, मागच्या एपी पोर्टातून (वरून प्रकाश आत घेण्याच्या वाटेनं) येतो: ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा एलईडी, डीएमडी, एक पक्का बसवलेला पोलरायझर, २०० मिलिमीटरची लेन्स, डायक्रोइक आरसा (निळा परावर्तित करून बाकीचे रंग पलीकडे सोडणारा), ऑब्जेक्टिव्ह, नमुना. बघण्याचा प्रकाश खालून, कंडेन्सरमधून, ६२० नॅनोमीटरच्या पुढचंच जाऊ देणारा लाल फिल्टर लावून. ब्रिलियंट यलो निळा खातो आणि लालकडे ढुंकून बघत नाही. फिल्टर विसरून पांढऱ्या दिव्यात तासभर निरीक्षण केलंत तर लिहिलेलं हळूहळू पुसत बसाल.

आता मुख्य गोष्ट. दिशा बदलायला डीएमडीपाशी पोलरायझर फिरवू नका. ४५ अंशांत बसलेला डायक्रोइक आरसा एस (येणारा आणि परतणारा किरण ज्या प्रतलात असतात त्याला काटकोनातला) आणि पी (त्याच प्रतलातला) या दोन घटकांना वेगवेगळा परावर्तित करतो आणि त्यांच्यात कलांतर घालतो, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या मागे टाकतो. पोलरायझर ३० अंशांवर असला तर आरशानंतर सरळ पोलरायझेशन उरत नाही, लंबवर्तुळी होतं. शुद्ध एस किंवा शुद्ध पी पाठवलं तर मात्र आरसा त्याचं काही बिघडवू शकत नाही. म्हणून पोलरायझर एस वर कायमचा घट्ट करायचा, आणि दिशा फिरवायला आरशाच्या खाली, ऑब्जेक्टिव्हच्या अगदी वर, अर्ध-तरंग पट्टी लावायची. पट्टी जेवढी फिरेल त्याच्या दुप्पट पोलरायझेशन फिरतं.

पट्टी ४५० नॅनोमीटरसाठीच बनलेली, शून्य-कोटीची (बरोबर अर्ध्या तरंगाचंच मंदन देणारी) हवी. कपाटात पडलेली हिरव्यासाठीची पट्टी निळ्यात अर्ध-तरंग राहत नाही. बहु-कोटीची (अर्ध्यावर अनेक पूर्ण तरंग जास्तीचे देणारी) स्वस्त पट्टी लेसरला चालते, एलईडीच्या रुंद रंगपट्ट्याला चालत नाही. पंचरत्नम यांनी बंगळुरूला १९५५ मध्ये दाखवलेल्या युक्तीनं अनेक पट्ट्या जोडून सर्व रंगांना चालणारी पट्टी बनते, ती सुंदर चीज आहे. पण तिचा प्रभावी अक्ष रंगागणिक थोडा सरकू शकतो आणि आपल्याला पुढे ते नडेल.

ही फिरती पट्टी बसवायला जागा नसते. नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह जिथे बसतं ती चकती) आणि ऑब्जेक्टिव्ह यांच्यामध्ये एक कडं बनवून घ्यावं लागतं: वर बाहेरचे आटे, खाली आतले आटे, मध्ये बेअरिंगवर १२.७ मिलिमीटरची पट्टी आणि बेल्टसाठी बाजूला खाच. आम्ही ते हिंगण्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून करून घेतलं. ऑब्जेक्टिव्हचे जुने प्रमाण आटे २०.३२ मिलिमीटर व्यासाचे, इंचाला ३६, आणि कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आटे पाडले तर ऑब्जेक्टिव्ह दोन फेरे जातं आणि अडकतं. कागदावर आकडे दिले तरी एक जुनं, निकामी ऑब्जेक्टिव्ह सोबत न्या. आमच्या कारागिरानं ते हातात फिरवून पाहिलं, "एवढे बारीक आटे काहून पाडून राहिले हे लोक?" असं विचारलं आणि मग नमुना बघत अचूक कडं काढून दिलं. पट्टीचा व्यास पुरतो का, हे आधी मोजा. २०० मिलिमीटर ट्यूब लेन्सच्या घराण्यातल्या १०× ऑब्जेक्टिव्हची केंद्रलांबी २० मिलिमीटर; एनए (ऑब्जेक्टिव्ह किती रुंद शंकूतला प्रकाश घेतं त्याचा आकडा) ०.२५ असेल तर मागचं भोक १० मिलिमीटरचं. पट्टीची मोकळी जागा त्याहून मोठी हवी. काही कंपन्यांचे आटे याहून मोठे असतात, तिथे कडंही वेगळं.

मोटर कुठलीही चालेल, पण स्वस्त गिअरवाल्या छोट्या स्टेपर मोटरीला ढिलाई असते. उलटसुलट फिरवली की सांगितलेल्या कोनाला पोचत नाही. प्रत्येक कोनाकडे एकाच बाजूनं यायचं. मागे जायचं असेल तर दहा अंश जास्त मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं. प्रोग्रॅममध्ये हे एकदा लिहून टाका. आर्डुइनो आणि पायथॉन पुरतात. मायक्रो-मॅनेजर हे मायक्रोस्कोप चालवण्याचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात प्रोजेक्टरसाठीची सोय आहेच.

बघताना पट्टी काढायची गरज नाही. तिचा अक्ष अ‍ॅनालायझरला (नमुन्यानंतरच्या, बघण्याच्या पोलरायझरला) समांतर आणून ठेवा; मग लाल प्रकाशासाठी ती अर्ध-तरंग नसली तरी अ‍ॅनालायझरमधून जाणाऱ्या घटकाला ती फक्त कला देते (तरंग थोडा मागे टाकते), दिशा बदलत नाही. यासाठीच अक्ष न सरकणारी साधी पट्टी हवी. अ‍ॅनालायझरही आरशाच्या एस किंवा पी दिशेलाच ठेवा, आणि नमुना वेगळ्या कोनातून बघायचा असेल तर स्टेज फिरवा.

नमुन्याच्या जागी मोजणं

हा भाग वगळू नका. बाकी सगळं जमलं आणि हे केलं नाही, तर पुढच्या प्रत्येक निकालाबद्दल शंका राहील.

स्टेजवर नमुन्याच्या जागी अंश कोरलेल्या कड्यातला पोलरायझर ठेवा, त्याखाली पॉवर मीटरचा सेन्सर. डीएमडी पूर्ण पांढरा करा. आधी अर्ध-तरंग पट्टीशिवाय: खालचा पोलरायझर फिरवून सर्वांत कमी वाचन शोधा, मग वरचा पक्का पोलरायझर किंचित हलवून ते आणखी कमी होतं का बघा, पुन्हा खालचा. दोन-तीन फेऱ्यांत तळ सापडतो. तिथे वरचा पोलरायझर स्क्रूनं आवळा. दुकानात मिळणारी साधी पोलरायझर फिल्म निळ्या-जांभळ्यात गळते, दोन फिल्म एकमेकींना काटकोनात धरून दिव्याकडे पाहिल्या तर तो जांभळट उजेड दिसतो. त्यामुळे इथे निळ्यासाठी चांगली असलेलीच वापरा, नाहीतर दोष कोणाचा ते कळणार नाही.

मग पट्टी बसवा. तिचा अक्ष एस दिशेला आहे तो शून्य. तिथून १५-१५ अंशांनी फिरवा आणि प्रत्येक ठिकाणी खालच्या पोलरायझरनं किमान आणि कमाल वाचन घ्या. किमान भागिले कमाल हे १/१०० च्या आत असेल तर पुढे जा. नसेल तर आकड्यांचा तक्ता नीट बघा, कारण दोष कुठे आहे हे तोच सांगतो.

सगळ्या कोनांना गुणोत्तर सारखंच वाईट असेल, तर बिघाड पट्टीच्या आधी आहे: पोलरायझर एस वर नाही किंवा आरसा ताणात बसवलाय. पट्टीच्या ० आणि ९० अंशांना उत्तम आणि ४५ ला सर्वांत वाईट असेल, तर पट्टी या रंगासाठी अर्ध-तरंग नाही. चांगली ठिकाणं पट्टीच्या दर ४५ अंशांनी येत असतील आणि मध्ये वाईट होत असेल, तर ऑब्जेक्टिव्हच्या काचेत ताण आहे. पोलरायझेशन ताणाच्या अक्षावर आलं की वाचतं, तिरकं आलं की बिघडतं. 'पोल' किंवा 'पी' लिहिलेलं ताणरहित ऑब्जेक्टिव्ह मिळालं तर तेच लावा. ताण नसला तरी मोठ्या एनएचं ऑब्जेक्टिव्ह कडेच्या किरणांचं पोलरायझेशन वळवतंच. १०× वर समाधानी राहणं शहाणपणाचं.

याच वेळी कमाल वाचनही बघा. पट्टी फिरवताना ते काही टक्क्यांहून जास्त खालीवर होत असेल तर पट्टी तिरकी बसली आहे.

दिशा, उलटसुलट आणि फोकस

०.२ इंची, ६४० × ३६० आरशांची डीएमडी आमच्याकडे आहे. आरशांमधलं अंतर ७.५६ मायक्रॉन. २०० मिलिमीटरची लेन्स आणि १०× मधून ते दहापट लहान होतं, म्हणजे नमुन्यावर एक पिक्सेल ०.७५६ मायक्रॉनचा आणि पूर्ण चित्र साधारण ४८४ × २७२ मायक्रॉनचं. ४५० नॅनोमीटर आणि ०.२५ एनएला वेगळं दिसण्याची मर्यादा सुमारे १.१ मायक्रॉन आहे, तेव्हा एकेका पिक्सेलची कलाकुसर करू नका.

फोकससाठी काचपट्टीवर पिवळ्या हायलायटरचा पातळ हात द्या. निळा प्रकाश पडला की शाई हिरवट चमकते आणि ती चमक डायक्रोइकमधून कॅमेऱ्यापर्यंत येते. काचेवरच्या एखाद्या ओरखड्यावर लाल प्रकाशात फोकस करा, मग स्टेजला हात न लावता २०० मिलिमीटरची लेन्स मागेपुढे करून निळी आकृती तिथेच धारदार करा.

त्याच काचेवर मोठा 'ग' पाडा. कुठल्याही बाजूनं उलटा केला तरी तो लगेच ओळखू येतो. कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नका, कॅमेराही चित्र उलटवतो. काच डोळ्यांनी वरून बघा किंवा स्टेज उजवीकडे सरकवून चित्र कुठे जातं ते तपासा. मग पट्टी पाच अंश पुढे फिरवा आणि नमुन्याच्या जागी पोलरायझेशन वरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं फिरलं की उलट, ते स्टेजवरच्या पोलरायझरनं ठरवा. हे दोन्ही वहीत. आकृती आरशासारखी उलटी आणि फिरणं मात्र सुलटं, असं झालं तर तुम्ही +१/२ चा दोष (ज्या बिंदूभोवती एक फेरी मारताना दिशा अर्धा फेरा फिरते; उणे म्हणजे उलटी फिरते) लिहाल आणि काचेत −१/२ निघेल.

थर देणं, आणि नागपूरचं हवामान

ब्रिलियंट यलो डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये, वजनानं अर्धा ते एक टक्का. गाळून घ्या, मिनिटाला २,००० ते ३,००० फेऱ्यांनी तीस सेकंद स्पिन करा, मग शंभर अंशांच्या आसपास अर्धा तास भाजा. हे द्रावक कातडीतून आत जातं आणि यकृताला बाधतं; फ्यूम हूडशिवाय बाटली उघडायची नाही, आणि पातळ नायट्राइल मोज्यांवर त्याच्यापुढे भरवसा नको.

या थराला दमट हवा चालत नाही. आणि इथेच आपल्या गावाची गंमत आहे. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की कोटिंगला याहून चांगले दिवस नाहीत, पण त्याच दुपारी प्रत्येक खोलीत कूलर घुमत असतो आणि वाळ्याची ताटी ओली असते. स्पिन कोटरच्या खोलीतला कूलर एक तास आधी बंद करा, आर्द्रतामापकाकडे बघा, चाळिसाच्या खाली आलं की काम सुरू करा. घाम येतो, येऊ द्या. काचेवर पडू देऊ नका. पावसाळ्यात सिलिका जेल भरलेल्या बंद पेटीत कोटर ठेवण्याशिवाय मार्ग नाही. थर दिलेल्या काचा कायम डेसिकेटरमध्ये आणि काळ्या कागदात.

द्रवस्फटिकाची निवडही ऋतू बघून करा. सगळीकडे वापरला जाणारा ५सीबी नावाचा द्रवस्फटिक साधारण ३५ अंश सेल्सिअसला नेमॅटिक राहत नाही, साधा द्रव होतो. नवतपात दुपारी लाइट गेली आणि एसी बंद पडला की आडव्या, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या, पोलरायझरांमध्ये सगळं क्षेत्र काळं होतं. चित्र गेलेलं नसतं, थरात ते असतंच. थंड झाल्यावर परत येतं. डिसेंबरच्या पहाटे उलटा प्रकार, खोली विशीच्या बरीच खाली गेली की तो गोठू शकतो. तापमान धरणारं स्टेज नसेल तर ई७ मिश्रण घ्या, ते ५८ अंशांपर्यंत नेमॅटिक राहतं.

दोन्ही काचांना थर देऊन, ५ मायक्रॉनचे स्पेसर घालून, रिकामी पेशी (दोन काचांचं सँडविच) आधी जोडा आणि मग लिहा. १०×, ०.२५ एनएची फोकसची खोली ७ मायक्रॉनच्या आसपास असते, त्यामुळे वरची-खालची दोन्ही पृष्ठं एकाच वेळी धारदार लिहिली जातात. २०× लावलंत तर ती खोली तीनेक मायक्रॉनवर येते आणि एक पृष्ठ फिसकटतं.

लिहिणं

आधी मात्रा. नमुन्यापाशी पूर्ण पांढऱ्या चित्राची शक्ती २० मायक्रोवॅट आली असं समजा. क्षेत्रफळ ०.००१३ चौरस सेंटीमीटर, म्हणजे तीव्रता सुमारे १५ मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर. २०० सेकंदांत ३ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. हा आकडा सुरुवातीपुरता. तुमच्या थराला किती लागतं ते एकाच काचेवर पट्टे-पट्टे पाडून, ५० सेकंदांपासून दुप्पट करत जाऊन ठरवा. आडव्या पोलरायझरांमध्ये स्टेज फिरवताना जो पट्टा पूर्ण काळा आणि पूर्ण उजळ होतो, त्याचा वेळ घ्या.

पहिली आकृती +१/२ दोषाची करा. वर्तुळाच्या २०-२० अंशांच्या १८ फाका. +१/२ म्हणजे पूर्ण फेरीत दिशा १८० अंश फिरते, तेव्हा दर फाकेला पोलरायझेशन १० अंश आणि पट्टी ५ अंश. प्रत्येकी २०० सेकंद धरले तर एक तास. सलग क्रमानं एकेक फाक संपवण्यापेक्षा २० सेकंदांच्या दहा फेऱ्या करा. डीएमडीचा 'बंद' आरसाही थोडा प्रकाश गळवतो. फेऱ्या केल्या की ती गळती सगळ्या दिशांत सारखी वाटली जाते आणि शेवटच्या फाकेचं पारडं जड होत नाही. करड्या छटा वापरू नका, फक्त काळं-पांढरं.

मग पेशी गरम करून, द्रवस्फटिक साध्या द्रव अवस्थेत असताना कडेनं भरा आणि सावकाश थंड करा. घाईनं थंड केलं तर नको तिथे दोष अडकतात.

लाल प्रकाशात, आडव्या पोलरायझरांमध्ये, मध्यबिंदूतून दोन काळे पट्टे, म्हणजे ब्रश, निघालेले दिसले पाहिजेत. दोन म्हणजे अर्धा, पण चिन्ह कळायला स्टेज फिरवा. +१/२ चे ब्रश स्टेजच्या उलट दिशेनं तेवढ्याच वेगानं फिरतात; −१/२ चे स्टेजच्याच दिशेनं तिप्पट वेगानं. चार ब्रश असलेला +१ असेल तर ते जागचे हलत नाहीत. कॅमेऱ्यानं चित्र उलटवलं तरी ही खूण बदलत नाही, कारण स्टेजही त्याच चित्रात उलटी फिरताना दिसते. ब्रशच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटक दिसत असतील तर फाका ३६ करा आणि पट्टीचं पाऊल अडीच अंश. आणि चिन्हच उलटं निघालं, तर मोटर, बेल्ट, पट्टी यांना कुणी हात लावायचा नाही. प्रोग्रॅममध्ये आकृती आडवी उलटवा, 'ग' पुन्हा पाडून बघा आणि नवी पेशी घ्या.